हबसाण : बेटावरचं एक राज्य

आम्ही नागपूरकर समुद्राच्या बाबतीत तसे गरीबच. अंबाझरीच्या पाळीवर संध्याकाळी वारा खायचा, फुटाळ्यावर भाजलेलं कणीस खायचं, हीच आमची चौपाटी. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. तो पाहिला कोकणात, मुरुडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून. समोर पाण्यातून वर आलेली काळीभोर तटबंदी होती आणि आमची शिडाची होडी तिच्या दिशेनं निघाली होती.

होडीत तीस-बत्तीस माणसं. माझ्या शेजारी साताऱ्याकडचे एक निवृत्त गुरुजी बसले होते. गप्पा सुरू झाल्या. नागपूरहून आलो म्हटल्यावर त्यांनी संत्र्यांची चौकशी केली, मग नाव विचारलं. मी सांगितलं. ते मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "अहो, मग हा तुमचाच किल्ला की!"

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. मीही हसलो. पण ते वाक्य कानात राहिलं. माझे पणजोबा उत्तरेकडून आलेले विणकर. आजोबांचे हातमाग होते. मी मराठीत बी.ए. झालो आणि मराठीत कविता लिहितो. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांशी माझं नातं ते काय? शाळेत इतिहासाच्या तासाला सिद्दीचा धडा आला की वर्गातली दोन-चार पोरं मागं वळून माझ्याकडं बघायची, ते मात्र आठवलं. तेव्हा मी मान खाली घालून पुस्तकात बघत असे. पुस्तकात जंजिऱ्याविषयी इतकंच होतं की तो कुणाला जिंकता आला नाही. तिथं माणसं राहत होती, त्यांना पाणी लागत होतं, ती काही खात होती, कुणाला तरी सारा भरत होती, हे त्यात नव्हतं. ते मी पुढं शोधून शोधून वाचलं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'जझीरा' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ बेट. मराठी जिभेवर त्याचा जंजिरा झाला, आणि मग पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला आपण जंजिरा म्हणू लागलो. या राज्याला जुन्या मराठी कागदांत दुसरं एक नाव आहे, हबसाण. हबशांचा मुलूख तो हबसाण. मला हे नाव आवडतं, कारण त्यात किल्ला नाही, मुलूख आहे.

हा मुलूख केवढा? बेट म्हणाल तर सुमारे बावीस एकरांचं. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याचं वावर असावं तेवढं. पण त्या बेटावरून चालणारं राज्य होतं सव्वातीनशे चौरस मैलांचं, म्हणजे सुमारे ८३९ चौरस किलोमीटर. आजच्या नागपूर जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. उत्तरेला रोह्याची खाडी, दक्षिणेला सावित्री नदी जिथं समुद्राला मिळते ती बाणकोटची खाडी, पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला समुद्र. मधोमध राजपुरीची खाडी आत घुसून मुलखाचे दोन तुकडे करते. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन ही मोठी गावं. याशिवाय दूर काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबाद नावाचं एक ठाणंही याच राज्याचं होतं.

१९०१ च्या खानेसुमारीत या राज्याची लोकसंख्या सुमारे ८५ हजार भरली. त्यात सिद्दी किती? काही शेकडा. बहुसंख्य प्रजा हिंदू : कुणबी, आगरी, कोळी, भंडारी, ब्राह्मण, प्रभू. शिवाय कोकणी मुसलमान, ज्यांच्या घरातली बोली कोकणी ढंगाची मराठीच. आणि बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी यहुदी. हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवारतेली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्याच्या कारभारीपदावर शालोम बापूजी इस्रायल हे बेने इस्रायली गृहस्थ होते. हबशी नवाब, यहुदी कारभारी आणि कुणबी रयत. गावोगावच्या वसुलाचे कागद मोडी लिपीत. याच मुलखातल्या दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट सापडला आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. सिद्दी तिथं यायच्या आधी चारशे वर्षं तिथली माती मराठीत लिहीत होती, आणि सिद्दी आल्यावरही लिहीत राहिली.

मग सिद्दी आले कसे? या बेटावर मूळ वस्ती कोळ्यांची. चाच्यांपासून बचाव म्हणून त्यांनी लाकडी ओंडक्यांचा कोट उभारला होता, मेढेकोट. त्यांचा प्रमुख राम पाटील. तो अहमदनगरच्या निजामशाहीच्या अधिकाऱ्यांना जुमानेना, तेव्हा पिरमखान नावाचा सरदार व्यापाऱ्याच्या वेषात आला. मालाची पिंपं बेटावर ठेवायची परवानगी त्यानं मागितली, पाटलाला आणि त्याच्या माणसांना दारू पाजली आणि रात्रीत बेट ताब्यात घेतलं. पंधराव्या शतकाच्या अखेरची ही कथा. तपशील दंतकथेचे असतील, पण तिच्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. जे बेट पुढं तोफांनी कधी पडलं नाही, ते पहिल्यांदा पाहुणचारानं पडलं. आज दिसतो तो दगडी कोट पुढं सोळाव्या शतकात, निजामशाहीच्याच अमलात बांधला गेला.

हबशी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेले लोक. बरेचसे गुलाम म्हणून विकले गेलेले. दख्खनच्या सुलतानांकडं ते सैनिक झाले, आरमारी झाले, काही थेट वजीर झाले. मलिक अंबर त्यांच्यातलाच. खडकी हे नगर वसवणारा, जे पुढं औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. बाजारात विकलेला माणूस राज्य चालवतो, याचं मला अप्रूप आहे. पण इतिहास अर्धा सांगू नये. ज्यांना विकलं गेलं होतं, त्यांनी पुढं स्वतःही माणसं विकली. बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्याची हकिकत प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीची मर्जी फिरली, वडील मारले गेले आणि आई व मुलं राजापूरला विकायला काढली गेली. तिथं मामानं सोडवलं म्हणून पोरं वाचली. तोच मुलगा पुढं शिवाजी महाराजांचा चिटणीस झाला.

श्रीवर्धनच्या भटांचंही असंच. बाळाजी विश्वनाथ तिथले. आंग्र्यांशी संधान असल्याचा सिद्दीला संशय आला, म्हणून त्यांना घरदार सोडून घाटावर यावं लागलं. एका भावाला पोत्यात घालून समुद्रात बुडवलं, असंही सांगतात. घाटावर आलेला हा माणूस १७१३ मध्ये पेशवा झाला. म्हणजे मराठी राज्याला एक चिटणीस आणि एक पेशवा या छोट्या राज्यानं दिला. दिला म्हणजे छळून हाकलला!

आता कारभार. सुरुवातीला इथली गादी बापाकडून मुलाकडं जात नसे. बेटाचा प्रमुख वारला की आरमारातला पहिल्या मानाचा अधिकारी त्याच्या जागी येई. राजा कमी, जहाजांचा सेनापती जास्त, असा हा प्रकार. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि हा मुलूख विजापूरकडं गेला. तेव्हा सिद्दीकडं दोन कामं आली : विजापूरच्या व्यापारी जहाजांचं रक्षण करायचं आणि हाजींना मक्केला सुखरूप पोचवायचं. या दोन कामांत जंजिऱ्याचं अर्थशास्त्र आलं. बेटावर पिकत काही नव्हतं. बेट विकत होतं ते संरक्षण. विजापूर ढासळू लागल्यावर तेच संरक्षण त्यानं औरंगजेबाला विकलं. १६७० च्या सुमारास फत्तेखान हा प्रमुख किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला तयार झाला होता. पण त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी धरली. त्यांच्यातल्या कासमला याकूतखान हा किताब मिळाला. सुरतेहून पैसा आणि जहाजं येऊ लागली.

जंजिरा का पडला नाही, याचं उत्तर होडीवाला देतो ते वेगळं. तो म्हणतो, दरवाजा लांबून दिसत नाही म्हणून. खरंच दिसत नाही. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तट अखंड वाटतो आणि मग एकाएकी दोन बुरुजांच्या मधे दार उघडं पडतं. एकोणीस बुरूज, भोवती खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी ही नवलाचीच गोष्ट. पण निव्वळ तटांनी किल्ला तीनशे वर्षं टिकत नसतो. या किल्ल्याचा जीव त्याच्या आरमारात होता, आणि दुसरा जीव दूर दिल्लीत.

शिवाजी महाराजांनी हे बरोबर ओळखलं होतं. म्हणून त्यांनी जंजिऱ्याच्या समोर, समुद्रातच कांसा खडकावर पद्मदुर्ग उभारला. बेटाला बेटानं उत्तर. त्या बांधकामाला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून १६७५ साली प्रभावळीच्या सुभेदाराला त्यांनी लिहिलेलं खरमरीत पत्र उपलब्ध आहे. लाय पाटील हा कोळी तर रात्री आपल्या माणसांनिशी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून बसला होता. मागून यायची कुमक आली नाही, पहाट व्हायला लागली आणि शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यावरची माणसं, पालखी घेऊन काय करू? तेव्हा त्याला गलबत बांधून दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'. कवी म्हणून मला हेवा वाटतो तो या नाव ठेवण्याचा.

संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यावरून तोफांचा मारा केला आणि दगड-लाकूड टाकून समुद्रात वाट बांधायला घेतली. तेवढ्यात मोगलांची फौज कल्याणकडं उतरली आणि त्यांना माघारी वळावं लागलं. दरवेळी हेच. बेटाभोवती फास आवळत आला की एक तर पावसाळा यायचा, नाही तर पाठीमागून मोगल. १६८९ मध्ये याकूतखान इतका जोरात होता की त्यानं इंग्रजांच्या मुंबईत उतरून माझगाव आणि शीव घेतलं आणि कंपनीच्या लोकांना त्यांच्याच किल्ल्यात कोंडलं. शेवटी कंपनीला औरंगजेबाची माफी मागून सुटका करून घ्यावी लागली. बावीस एकरांच्या बेटानं मुंबई वेठीला धरली होती!

मग उतार लागला. १७३३ मध्ये बाजीरावानं मोहीम काढली, रायगड सिद्दीकडून परत घेतला. एप्रिल १७३६ मध्ये चिमाजीअप्पानं रेवसजवळ सिद्दी सात याला ठार केलं. तह झाला आणि मुलखाच्या वसुलात वाटणी आली. याला दोअमली म्हणत. बखरींत विजयाचे आकडे येतात, दोअमलीतल्या कुणब्याचं काय झालं ते येत नाही. सकाळी एका धन्याचा शिपाई, संध्याकाळी दुसऱ्याचा. भाताची रास एकच. त्या कुणब्याला कोण जिंकलं हे सांगून काय उपयोग होता?

पेशव्यांना किल्ला शेवटपर्यंत हवाच होता. १७९१ मध्ये त्यांनी गादीवर हक्क सांगणाऱ्या एका सिद्दी वारसाला सुरतेजवळचा सचीनचा मुलूख दिला आणि त्या बदल्यात त्याचा जंजिऱ्यावरचा हक्क लिहून घेतला. कागद मिळाला, बेट मिळालं नाही. सचीनचं मात्र वेगळं सिद्दी संस्थान होऊन बसलं.

इथं मला नागपूर आठवतं. आमच्या भोसल्यांचं राज्य केवढं! ओरिसापर्यंत पोचलेलं, बंगालकडून चौथाई घेणारं. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं ते खालसा केलं. हबसाण मात्र १९४८ पर्यंत राहिलं. मोठं गिळण्यासारखं होतं, म्हणून गिळलं. लहानाकडं फारसं कुणी बघितलं नाही. १८३४ मध्ये इंग्रजांनी हे राज्य आपल्या अमलाखाली असल्याचं जाहीर केलं आणि हिणकस नाणी पाडते म्हणून त्याची टांकसाळ बंद केली. पण १८६८ पर्यंत तिथं साधा पोलिटिकल एजंटसुद्धा नव्हता. कारभार फारच बिघडला तेव्हा फौजदारी अधिकार काढून घेण्यात आले.

संरक्षण विकायचा धंदा बसल्यावर राज्य जगलं कशावर? भात, नारळ, सुपारी, मासळी आणि जंगल. मुंबई वाढत होती, तिला इमारती लाकूड आणि जळण हवं होतं. ते गलबतांनी जाई. नवाबाच्या शिकारीचं जे रान उरलं, ते आज फणसाड अभयारण्य आहे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव आजही टिकून आहे. आमच्या नागपुरात चौकाचौकांत खर्रा घोटला जातो, पण त्यातली सुपारी कुठल्या बागेतली हे घोटणाऱ्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. सुपारीचं झाड फळावर यायला वर्षानुवर्षं लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ तिथंच किनाऱ्याला धडकलं आणि आज्या-पणज्यांनी लावलेल्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. सिद्दी-मराठ्यांच्या लढायांत इतकं नुकसान झालं असेल की नाही, शंका आहे.

सिद्दी अहमदखान १८७९ मध्ये गादीवर आले आणि १९२२ पर्यंत राहिले. बेट सोडून मुरुडला वाडा बांधला गेला, नळाचं पाणी आलं, शाळा आली. त्यांच्या बेगम नाझली या फैजी घराण्यातल्या. त्यांनी १९०८ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि त्यावर उर्दूत पुस्तक लिहिलं. बहीण अतिया फैजी तर इक्बालांची मैत्रीण. शिबली नोमानी जंजिऱ्याला पाहुणे म्हणून येऊन गेले. उर्दूच्या अभ्यासकाला जंजिरा म्हटलं की हे आठवतं आणि मराठीच्या अभ्यासकाला लाय पाटील. दोघांनाही दुसरी बाजू ठाऊक नसते. मला दोन्ही ठाऊक आहेत, ही माझी कमाई म्हणा.

शेवट फार शांतपणे झाला. जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहितांच्या नेतृत्वाखाली लोकांनी म्हसळा आणि श्रीवर्धन ताब्यात घेतलं. ज्या राज्यावर इतके तोफगोळे पडले, ते कचेऱ्यांमध्ये शिरलेल्या माणसांपुढं नमलं. ८ मार्च १९४८ ला हबसाण मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कुलाबा जिल्ह्याचे तालुके बनून राहिलं. पुढं याच श्रीवर्धनमधून निवडून येणारे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. होडीतल्या गुरुजींना परतीच्या आधी मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "हे डोक्यातच आलं नव्हतं कधी."

आम्ही तेव्हा आतल्या मोठ्या तलावाच्या काठावर बसलो होतो. भोवती पडक्या वाड्यांच्या भिंती, मशिदीचा घुमट, झाडोरा. बेटावर विलीनीकरणानंतरही माणसं राहत होती. पण दवाखाना, बाजार, नोकरी, सगळं किनाऱ्यावर. पावसाळ्यात तर होडीसुद्धा बंद. शत्रूला चारशे वर्षं अडवलं त्याच पाण्यानं मग आतल्या पोराबाळांना अडवायला सुरुवात केली. एकेक घर उठलं. कुणी राजपुरीला गेलं, कुणी मुरुडला, कुणी मुंबईला.

गुरुजी पायऱ्या उतरून खाली गेले, ओंजळभर पाणी घेऊन आधी वास घेतला आणि मग जिभेला लावलं. "गोड आहे हो," ते म्हणाले. मीही उतरलो. तेवढ्यात दरवाज्याकडून होडीवाल्याची हाक आली. त्यानं दिलेली पंचेचाळीस मिनिटं संपली होती.